काचेच्या खात्यात किती?

मुलीचा नंबर उणे साडेनऊ. नेवाशाजवळच्या एका गावातून ती वडिलांच्या मागे मोटारसायकलवर बसून नगरला आली होती. अकरावी सायन्स. जुन्या चष्म्याची काच कडेला इतकी जाड, की फ्रेमच्या मागे पायरी निघाल्यासारखी दिसायची. मी काउंटरवर दोन नमुने ठेवले, एक १.५ इंडेक्सचा आणि एक १.६७ चा. नंबर तोच, पण दुसरा कडेला चांगलाच बारीक. वडिलांनी दोन्ही बोटांत धरून पाहिले आणि विचारलं, "शेठ, हिच्यात माल कमी, मग पैसे जास्त कसे?"

रास्त प्रश्न. मी म्हटलं, "दादा, ही काच प्रकाशाला जास्त वळवते. म्हणून थोडक्यात काम भागतं."

वडिलांना ते पटलं. मुलगी मात्र थांबली. म्हणाली, "काका, वळवते म्हणजे ढकलतेच ना? मग न्यूटनच्या तिसऱ्या नियमानं प्रकाशही काचेला उलटा ढकलत असणार."

चितळे रस्त्याजवळच्या बोळातलं हे दुकान माझ्या वडिलांनी सुरू केलं. बी.एस्सी. फिजिक्स करून मी त्यात बसलो त्याला आता चाळीस वर्षं होत आली. या काळात हजारो माणसांनी मला काचेबद्दल विचारलं. ओरखडे पडतील का, फुटेल का, रात्री गाडी चालवताना चमकेल का. काचेला धक्का बसतो का, हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "हो बाळ, बसतो." ती म्हणाली, "किती?" चष्मा शनिवारी मिळणार होता. मी म्हटलं, "शनिवारी आलीस की मांडून दाखवतो." तिला जे दाखवायचं ठरवलं, तेच इथं जरा सविस्तर लिहितो आहे.

प्रकाशाला वजन नाही, तरी तो ढकलतो. हलत्या वस्तूच्या अंगात जो रेटा असतो, थांबवायला गेलं की जो हाताला जाणवतो, त्याला पुस्तकात संवेग म्हणतात. बैलगाडीला तो असतो, क्रिकेटच्या चेंडूला असतो, आणि विद्युतचुंबकीय लाटेलाही असतो, मग ती लाट उन्हाची असो, रेडिओची असो की मोबाइलची. धूमकेतूची शेपटी नेहमी सूर्यापासून दूर पसरते हे पाहून केप्लरनं चारशे वर्षांपूर्वीच सूर्यकिरण तिला ढकलत असावेत असं सुचवलं होतं. १९९७ च्या मार्च-एप्रिलमध्ये हेल-बॉप धूमकेतू संध्याकाळी वायव्येला दिसायचा. आम्ही दुकान बंद करून गच्चीवर जायचो. त्याची जी रुंद, पिवळसर, वळलेली शेपटी होती ती धुळीची, आणि ती धूळ खरोखरच सूर्यप्रकाशानं लोटलेली होती. (दुसरी निळसर सरळ शेपटी वायूची. तिच्यामागे सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण असतात. ती गोष्ट वेगळी.)

या रेट्याचं गणित मॅक्सवेलनं १८७३ मध्ये मांडलं आणि विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मॉस्कोच्या लेबेदेवनं तो प्रत्यक्ष मोजला. काम फार नाजूक होतं. प्रकाश पडला की पाती तापते, तिच्याभोवतीची हवा तापते आणि त्या हवेचा धक्का प्रकाशाच्या धक्क्याहून मोठा ठरतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या गोळ्यात फिरणारी काळी-पांढरी पाती अनेकांनी पाहिली असतील. ती प्रकाशाच्या रेट्यानं फिरतात असं आम्हाला आधी वाटायचं. पण ती उलट्या बाजूनं फिरतात, कारण फिरवणारा असतो गोळ्यात उरलेला थोडासा वायू. लेबेदेवला हा वायू शक्य तितका उपसून टाकून प्रकाशाचा निव्वळ हिस्सा वेगळा काढावा लागला.

तो हिस्सा केवढासा असतो, याचा अंदाज आपल्याच जिल्ह्यातल्या एका छतावरून घेऊ. शिर्डीला साईबाबा संस्थानच्या प्रसादालयावर २००९ मध्ये सौर स्वयंपाकासाठी मोठ्या परावर्तक तबकड्या बसवल्या गेल्या. एकूण ७३, प्रत्येकी १६ चौरस मीटरची. त्यांनी एकवटलेल्या उन्हावर वाफ तयार होते आणि त्या वाफेवर हजारो माणसांचं अन्न शिजतं. आता रणरणत्या दुपारी एका चौरस मीटरवर साधारण एक हजार वॅट ऊन पडतं असं धरा. ऊर्जेला प्रकाशाच्या वेगानं भागलं की संवेग मिळतो, आणि आरशावरून प्रकाश मागे फिरत असल्यामुळे धक्का दुप्पट होतो. सगळ्या ७३ तबकड्या मिळून, तोंडं थेट सूर्याकडे आहेत असं मानलं तरी, त्यांच्यावरचा प्रकाशाचा एकूण रेटा भरतो एका ग्रॅमच्याही आतल्या वजनाएवढा. सोनाराकडच्या आठ गुंजांइतकाही नाही. हजारोंचं जेवण शिजवणारं ऊन, आणि त्याचा धक्का एवढा!

म्हणून तो दुर्लक्ष करण्याजोगा आहे असं मात्र नाही. १९८३ च्या ऑगस्टमध्ये इन्सॅट-१बी अवकाशात गेला आणि त्यानंतरच्या वर्षांत गावोगावी टीव्हीचे अँटेने उभे राहिले. त्या उपग्रहाचा सौरफलक एकाच अंगाला होता. दुसरं अंग मोकळं ठेवायचं होतं, कारण ढगांची छायाचित्रं घेणारा कॅमेरा थंड राखण्यासाठी तिथून काळोख्या अवकाशाकडे उघडी वाट लागत होती. पण एका बाजूला फलक आणि दुसरीकडे काहीच नाही, म्हणजे उन्हाच्या रेट्यानं उपग्रह हळूहळू कलंडणार. चौरस मीटरला न्यूटनचे साडेचार दशलक्षांश भाग एवढाच रेटा, पण तो दिवसरात्र, वर्षानुवर्षं चालू. त्यावर उपाय म्हणून दुसऱ्या अंगाला लांब दांडीवर एक हलकं शीड लावलं होतं. उन्हानं फलकाला जेवढं वळवायचं तेवढंच या शिडाला उलट वळवायचं. पुढे भारतात बांधलेल्या इन्सॅट-२ मालिकेतल्या काही उपग्रहांवरही असंच शीड होतं. 'हमलोग' बघायला ज्या घरी अख्खी आळी जमायची, तिथल्या पडद्यावरचं चित्र त्या शिडाच्या भरवशावर स्थिर होतं हे मला खूप वर्षांनी कळलं, आणि कळलं तेव्हा अंगावर काटा आला.

आता चष्म्याकडे येतो. डोळे तिरळे असतील किंवा एकाचे दोन दिसत असतील तर आम्ही काचेत प्रिझम घालतो. एक डायॉप्टरचा प्रिझम म्हणजे एक मीटर अंतरावर किरण एक सेंटिमीटर सरकवणारा. पाच सेंटिमीटर व्यासाच्या अशा काचेवर दुपारचं ऊन पडलं तर काच ते ऊन प्रिझमच्या जाड बाजूकडे वळवते, आणि ऊन काचेला बारीक बाजूकडे लोटतं. हा लोट निघतो सुमारे साडेसहा नॅनोग्रॅम वजनाएवढा. एखाद्या बारीक परागकणाला हातात घ्यायला जेवढा जोर लागेल तेवढा. त्या मुलीच्या उणे काचेत हेच सगळ्या बाजूंनी होतं. काच किरणांना बाहेर पांगवते आणि किरण तिच्या कडांना आत, मध्याकडे दाबतात.

हे उत्तर मी तिला तिथल्या तिथे सांगू शकलो असतो. कारण त्यासाठी काचेच्या पोटात काय चाललंय हे कळण्याची गरजच नाही. हवेतून आत जाताना प्रकाशाची दिशा काय होती आणि हवेत बाहेर पडताना काय झाली, एवढं पाहिलं की फरक काचेच्या माथी. पण तिच्या चेहऱ्यावरून मला पुढचा प्रश्न दिसत होता आणि तो खरा अवघड होता. प्रकाश काचेच्या आत असतो, त्या क्षणी त्याचा संवेग किती?

बाहेर असताना होता त्याहून जास्त की कमी?

हा प्रश्न १९०८ पासून पडून आहे. इतका साधा प्रश्न इतकी वर्षं भल्याभल्यांना पुरला, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा समोरच्या ट्रेमधल्या काचांकडे बराच वेळ बघत बसलो होतो.

इंडेक्स म्हणजे काय ते आधी. आमच्या वेळी पुस्तकात वक्रीभवनांक म्हणायचे, आता अपवर्तनांक म्हणतात, दुकानात सगळे इंडेक्सच म्हणतात. १.५ इंडेक्सच्या काचेत प्रकाशाचा वेग दीडपटीनं घटतो. सेकंदाला तीन लाख किलोमीटरचे दोन लाख होतात. पाण्याचा इंडेक्स १.३३, हिऱ्याचा २.४२. (आता आम्ही ज्याला काच म्हणतो ती बहुतेक प्लॅस्टिकची असते, पण तोंडातून काचच येतं.)

१९०८ मध्ये गॉटिंगेनच्या हेर्मान मिन्कोव्स्कीनं पदार्थातल्या विद्युतचुंबकीय लाटेचं गणित मांडलं. त्यातून निघालं की काचेत शिरल्यावर प्रकाशाचा संवेग वाढतो, इंडेक्सच्या पटीत. बाहेर एक असेल तर काचेत दीड. १९०९ च्या जानेवारीत अपेंडिक्सच्या दुखण्यानं तो अवघ्या ४४ व्या वर्षी गेला. त्याच वर्षी माक्स आब्राहामनं वेगळी मांडणी केली. तीत संवेग इंडेक्सनं भागला जात होता. बाहेर एक, तर काचेत दोन तृतीयांश. दोन उत्तरांत फरक सव्वादोन पटींचा. हिऱ्यासाठी तो जवळजवळ सहापट होतो. दोघेही पट्टीचे गणिती, दोघांच्याही समीकरणांत चूक सापडत नाही.

माझं मन आधी आब्राहामकडे गेलं, कारण मंदावलेल्या गोष्टीचा जोर कमी, हे आपल्या अनुभवाला धरून आहे. त्याच्या बाजूचा सगळ्यात सुरेख पुरावा १९५३ मध्ये नांदोर बालाझनं दिला, तोही नुसता विचार करून. दोन मिलिमीटर जाडीची एक काच पोकळीत तरंगते आहे अशी कल्पना करा. बाहेरून तिला कुणाचाही हात लागलेला नाही. प्रकाशाचे दोन सारखे तुकडे निघाले, एक काचेतून गेला, एक शेजारून. काचेतला तुकडा बाहेर पडेपर्यंत शेजारचा तीन मिलिमीटर गेलेला असतो. म्हणजे काचेतला एक मिलिमीटर मागे पडला. आता ऊर्जेलाही वस्तुमान असतं, हे आइनस्टाइननं दाखवलं आहे. बाहेरून कुणी ढकललेलं नसताना प्रकाश आणि काच मिळून जो संच होतो, त्याचा मध्य आपल्या चालीनं जसा चालला होता तसाच जात राहिला पाहिजे. प्रकाश मागे पडला, तर ती तूट भरून काढायला काचेनं कणभर पुढे सरकलंच पाहिजे. म्हणजे प्रकाश पोटात असताना काचेनं त्याच्या संवेगातला काही वाटा घेतला. मग प्रकाशाकडे उरला तो कमीच. किती उरला हे मोजलं तर आब्राहामचा आकडा येतो.

यात खोट काढायला जागा नाही असं मला वाटायचं. पण मग माझ्याच धंद्यातलं रोजचं गणित आडवं आलं.

चष्मा चालतो तो किरण वाकतो म्हणून. गुळगुळीत काचेवर प्रकाश तिरका पडला, की काचेचा पृष्ठभाग त्याला आत ओढू शकतो, बाहेर ढकलू शकतो, पण स्वतःच्या अंगाला समांतर आडवा खेचू शकत नाही. धरायला तिथं काही नसतंच. म्हणजे पृष्ठभागाला समांतर असा जो संवेगाचा भाग, तो शिरण्याआधी जेवढा तेवढाच नंतर राहायला हवा. तीस अंशांनी तिरका येणारा किरण घ्या. हवेत त्याच्या एकूण संवेगाचा निम्मा भाग आडवा असतो. १.५ च्या काचेत शिरल्यावर तो सरळ रेषेकडे वाकतो आणि आडवा भाग एक तृतीयांश होतो. आता एक तृतीयांश हा आधीच्या निम्म्याएवढा व्हायचा असेल, तर एकूण संवेग दीडपट झालाच पाहिजे. हे मिन्कोव्स्कीचं उत्तर! ज्या नियमावर मी रोज काचा देतो, तो नियमच त्याच्या बाजूनं साक्ष देत होता. हे कागदावर मांडल्यावर मी त्या रात्री जेवायला उशिरा गेलो.

प्रयोग करणाऱ्यांचीही अशीच ओढाताण झाली. त्यातला मला सगळ्यात आवडलेला माणूस आर. व्ही. जोन्स. दुसऱ्या महायुद्धात जर्मन बॉम्बफेकी विमानांना वाट दाखवणारे रेडिओ किरण ओळखून काढणारा हा शास्त्रज्ञ. युद्धानंतर तो स्कॉटलंडमधल्या ॲबरडीन विद्यापीठात प्राध्यापक झाला. तिथं त्यानं बारीक तारेला टांगलेला छोटा आरसा द्रवात बुडवला, त्यावर प्रकाश सोडला आणि आरसा किती वळतो ते मोजलं. ऐकायला सोपं वाटतं. पण लेबेदेवला हवेचा त्रास होता तिथं जोन्सच्या आरशाभोवती द्रव होता. द्रव जरा तापला की त्यात प्रवाह सुरू होतात आणि टांगलेला आरसा हेलकावतो. १९५४ मध्ये रिचर्ड्स या सहकाऱ्याबरोबर त्यानं निष्कर्ष छापला. द्रवात आरशाला बसणारा धक्का इंडेक्सच्या पटीत वाढतो. चोवीस वर्षांनी, १९७८ मध्ये, लेस्लीबरोबर लेझर वापरून त्यानं तोच प्रयोग पुन्हा केला. या खेपेला अचूकता दहा हजारांत पाच इतकी बारीक. निष्कर्ष तोच, मिन्कोव्स्कीच्या बाजूचा. एकच प्रश्न पाव शतक उराशी धरून तो आणखी नेमका मोजायला परत जाणाऱ्या माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

दरम्यान १९७३ मध्ये अमेरिकेत आर्थर ॲश्किन आणि जोसेफ झीड्झिक यांनी पाण्याच्या पृष्ठभागावर लेझर रोखला. पाणी दबेल की फुगेल? फुगलं, प्रकाश वरून सोडला तरी आणि खालून सोडला तरी. आधी हा मिन्कोव्स्कीचा विजय वाटला. मग जेम्स गॉर्डननं दाखवलं की एकवटलेल्या किरणाच्या कडांमुळे पाणी बाजूनं मध्याकडे आवळलं जातं आणि म्हणून फुगवटा येतो. त्यामुळे यातून दोघांपैकी कुणाचाच निकाल लागत नाही. १९७५ मध्ये कॅनडात वॉकर आणि लाहोज यांनी चुंबकीय क्षेत्रात टांगलेल्या बेरियम टिटॅनेटच्या चकतीवर आब्राहामच्या गणितात येणारं बल प्रत्यक्ष मोजलं. २००५ मध्ये एमआयटीत रुबिडियमच्या अतिथंड अणूंच्या ढगातून प्रकाश सोडला, तर प्रकाश शोषणाऱ्या अणूला बसलेला झटका इंडेक्सच्या पटीत निघाला, म्हणजे पुन्हा मिन्कोव्स्की. २००८ मध्ये चीनमध्ये केसाहून कितीतरी बारीक काचतंतूच्या टोकातून प्रकाश बाहेर पडताना तंतूला बसणारा झटका पाहिला आणि तो आब्राहामचा असल्याचा दावा झाला. त्या दाव्यावर लगेच आक्षेपही आले. शंभर वर्षं उलटली तरी तराजूचं एक पारडं खाली जाईना.

ही गाठ कशी सुटते हे मला समजलं ते वडिलांच्या किर्द-खतावणीमुळे. वडील रोजची किर्द लिहायचे आणि दर महिन्याला खतावणी. एकच व्यवहार दोन खात्यांत पडतो, हे मला त्यांनी चौदाव्या वर्षी शिकवलं होतं. माल उधार आणला की मालाच्या खात्यात रक्कम मोठी दिसते आणि व्यापाऱ्याच्या खात्यात तेवढंच देणं उभं राहतं. माल बघणारा म्हणेल, दुकान श्रीमंत आहे. देणं वजा करून बघणारा वेगळं सांगेल. दोघांच्या वहीत चूक नाही. शेवटची शिल्लक एकच.

प्रकाशाचं तसंच. काचेवर उत्तम अँटिग्लेअर कोटिंग आहे, पृष्ठभागावरून काहीच परतत नाही असं धरा. बाहेरून एक रुपयाचा संवेग आला. काच आणि प्रकाश दोघांचा मिळून तो एकच रुपया राहणार, यात मिन्कोव्स्कीचा आणि आब्राहामचा वाद नाही. आब्राहामची वही म्हणते, प्रकाशाकडे ६७ पैसे आणि काचेकडे ३३ पैसे. मिन्कोव्स्कीची वही म्हणते, प्रकाशाच्या खात्यात दीड रुपया जमा आणि काचेच्या खात्यात ५० पैसे नावे. बेरीज दोन्हीकडे एक रुपया.

मग खरं कोणतं? २०१० मध्ये ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातल्या स्टीफन बार्नेटनं याचं उत्तर नीट मांडलं. संवेग या एका शब्दाखाली दोन वेगळ्या राशी आहेत. एक राशी वस्तू प्रत्यक्ष किती सरकते याच्याशी बांधलेली आहे, आणि अख्खी काच पुढे किती सरकली हे विचारलं की तीच समोर येते. ती आब्राहामची. दुसरी राशी लाटेच्या लांबीशी बांधलेली आहे. काचेत लाट आखूड होते, तिचे कंगोरे जवळजवळ येतात, म्हणून ती राशी वाढते. पदार्थाच्या आत बुडवलेला आरसा किंवा अणू लाटेकडून झटका खातो तेव्हा हीच हाती लागते. ती मिन्कोव्स्कीची. जोन्सचा आरसा द्रवाच्या आत होता, म्हणून त्याला एक उत्तर मिळालं. बालाझनं अख्खी काच बाहेरून बघितली, म्हणून त्याला दुसरं. प्रकाश कुठं संपतो आणि काच कुठं सुरू होते, ती रेघ आपण कुठं मारतो यावर कोणाच्या खात्यात किती पडणार हे ठरतं. पदार्थ ताणला किंवा दाबला जातो, प्रकाशाचे वेगवेगळे रंग त्यात वेगवेगळ्या वेगानं चालतात, या बारकाव्यांवर आजही काम चालू आहे. पण वहीची शिल्लक कुणी हलवू शकलेलं नाही.

याचा उपयोग काय, असं दुकानात कुणीतरी विचारणारच. ॲश्किननं पाण्याच्या फुगवट्यावर न थांबता लेझरच्या एका किरणानं सूक्ष्म कण पाण्यात पकडून ठेवण्याची युक्ती १९८६ पर्यंत पक्की केली. तिला प्रकाशाचा चिमटा म्हणतात. त्यासाठी २०१८ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी, त्याला नोबेल मिळालं. हा चिमटा म्हणजे अगदी आमचंच काम. पाण्यातला गोल कण म्हणजे एक छोटं भिंगच. तो किरण वाकवतो, किरण त्याला उलट ढकलतात, आणि ढकलत ढकलत किरणाच्या सगळ्यात प्रखर जागी आणून ठेवतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दीपक माथूर, जयश्री धर्माधिकारी, आदित्य धर्माधिकारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये या चिमट्यात माणसाच्या तांबड्या रक्तपेशी धरल्या. अदृश्य अवरक्त प्रकाशात पेशीची बशी दुमडून काडीसारखी झाली. निरोगी पेशी तशीच स्थिर राहिली. मलेरियाची लागण झालेली पेशी मात्र फिरू लागली.

मला हे वाचताना सुप्याजवळच्या कवड्या डोंगरावरच्या पवनचक्क्या आठवल्या. वारा समोरून सरळ येतो, पण पाती तिरकी असली की ती गरागरा फिरतात. प्रकाशाच्या वाऱ्यातही वेडावाकडा आकार फिरू शकतो, हे या क्षेत्रातल्या लोकांना ठाऊक आहे. पाण्याचा इंडेक्स १.३३, पेशीचा साधारण १.४०. एवढ्याशा फरकावर, पाण्यातून पेशीत आणि पेशीतून पाण्यात जाताना होणाऱ्या या देवघेवीवर, एक आजारी पेशी निरोगी पेशीपेक्षा वेगळी वागते. नगर जिल्ह्यात माझ्या लहानपणी हिवतापाच्या गोळ्या वाटायला आणि घरांवर फवारणी करायला माणसं यायची, भिंतीवर तारीख लिहून जायची. ती तारीख मला अजून डोळ्यांपुढे दिसते. त्या तापाची पेशी प्रकाशात फिरताना कुणीतरी आपल्याच राज्यात पाहिली, याचा मला आनंद आहे.

शनिवारी बापलेक अकराच्या सुमाराला आले. काच लेन्सोमीटरवर पुन्हा एकदा तपासली, शाईचे तीन ठिपके पुसले, फ्रेमच्या काड्या तिच्या कानांच्या मापानं गरम करून वाकवल्या. चष्मा लावून तिनं बोळाच्या टोकाला असलेल्या पाट्या एकेक करून वाचल्या. मग माझ्याकडे वळली आणि काही न बोलता उभी राहिली.

मी तिच्या नंबरच्या कार्डाच्या मागे लिहिलं. बाहेर १. तुझी काच १.६७. खाली दोन ओळी: ०.६० + ०.४० = १, आणि १.६७ − ०.६७ = १. पहिली संख्या प्रकाशाची, दुसरी काचेची. वरची आब्राहामची, खालची मिन्कोव्स्कीची. मग एका बाजूला काचेचा चौकोन काढून बालाझचा मागे पडलेला तुकडा दाखवला, दुसऱ्या बाजूला तिरका किरण काढला. वडील शेजारच्या स्टुलावर बसून ऐकत होते. मध्ये दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना मी थांबायला सांगितलं.

तिनं पेन मागितलं. कार्डावर जागा थोडीच उरली होती. "पाणी एक पूर्णांक तेहेतीस ना, काका?" मी हो म्हटलं. बारीक अक्षरात, कडेकडेनं, तिनं लिहिलं: विहीर. ०.७५ + ०.२५. १.३३ − ०.३३.